मागची चाकं हलकी का होतात?

गाडीच्या आकाराचा अभ्यास सुरू झाला तो हवेचा अडथळा कमी करण्यासाठी. झेपेलिन या हवाई जहाजांच्या कामातून आलेल्या पॉल याराय यांनी १९२० च्या दशकात गुळगुळीत, मागे निमुळत्या होत जाणाऱ्या गाड्या मांडल्या. अडथळा खरोखरच घटला. पण हवा छपरावरून आणि मागच्या उतारावरून वेगाने वळते, तेव्हा तिथला दाब कमी होतो आणि गाडी वर ओढली जाते. हीच लिफ्ट. वेग दुप्पट झाला की ती चौपट होते, म्हणून शहरात जिचा पत्ताही लागत नाही ती ताशी २०० किमीच्या वेगाला मागच्या चाकांवरचा भार जाणवण्याइतका कमी करते.

हे कुणालाच ठाऊक नव्हतं असं नाही. १९२८ मध्ये बर्लिनच्या आव्हुस ट्रॅकवर फ्रिट्झ फॉन ओपेल यांनी रॉकेटवर चालणारी गाडी ताशी २३८ किमी वेगाने पळवली, तेव्हा तिला खाली दाबणारे पंख दोन्ही बाजूंना होते. १९५६ मध्ये मिशेल माय यांनी आपल्या पोर्शेवर पंख बसवून न्युर्बुर्गरिंग हा जर्मन शर्यतीचा ट्रॅक गाठला, तर आयोजकांनी तो काढायला लावला. माझ्या मते इथेच एक दशक वाया गेलं. पुढे १९६६ मध्ये जिम हॉल यांच्या चॅपरल २ई या शर्यतीच्या गाडीने उंच पंखाची ताकद दाखवली आणि १९६८ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पंखांची लाट आली. १९६९ मध्ये बार्सिलोनात ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोन्ही चालकांच्या लोटस गाड्यांचे पंख मोडून भीषण अपघात झाले. त्यानंतर उंच पंखांवर बंदी आली.

रस्त्यावरच्या गाड्यांत १९७३ च्या पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ चं वर वळलेलं शेपूट गाजलं. ते मागची लिफ्ट घटवण्यासाठीच होतं.

तरीही १९९८ मध्ये आलेली पहिली ऑडी टीटी गोलसर पाठीची आणि स्पॉयलरविना (लिफ्ट घटवणाऱ्या मागच्या पट्टीविना) होती. भरधाव वेगात वळणावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की भार पुढे सरकतो. मागची चाकं आधीच हलकी असतील तर गाडीची शेपूट बाहेर फेकली जाते. जर्मनीत जीवघेणे अपघात झाले. मग कंपनीने गाड्या परत बोलावून मागे छोटा स्पॉयलर लावला, सस्पेन्शन बदललं आणि ईएसपी, म्हणजे गाडी घसरू लागली की चाकांना आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा, दिलं.