रिमोटच्या गाडीसाठी ब्रशलेस मोटर घेताना : केव्ही किती हवा?

"सगळ्यात जास्त केव्हीची द्या." काउंटरवर हेच वाक्य रोज ऐकू येतं. ब्रशलेस, म्हणजे आत कार्बन ब्रश नसलेली, मोटर आम्ही देतोच, पण आधी विचारतो : गाडी कोणती, बॅटरी किती सेलची, चालवणार कुठे? हे न विचारता विकलेली मोटर कधीकधी महिन्याभरात जळका वास घेऊन परत येते.

इथला केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे. मोटरवर भार नसताना एका व्होल्टमागे ती मिनिटाला किती फेरे घेते, त्याचा हा आकडा. 3300 केव्हीची मोटर टूएस लिपोवर, म्हणजे दोन सेलच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीच्या 7.4 व्होल्टवर, सुमारे 24,400 फेरे घेते. पिनियन (मोटरच्या दांड्यावरचा लहान गिअर), स्पर (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) आणि आतले गिअर मिळून गुणोत्तर 12 धरलं, तर चाक मिनिटाला 2,035 वेळा फिरतं. टायर 110 मिमी व्यासाचा असेल तर कागदावर ताशी 42 किमी येतात. मैदानात त्याहून कमीच मिळतात.

आता खरी गोम. केव्ही वाढला की दर अँपिअरमागचा टॉर्क त्याच प्रमाणात घटतो. 2000 केव्हीची मोटर जेवढा टॉर्क देते, तेवढ्याच करंटला 4000 केव्हीची निम्मा देते. म्हणजे तीच गाडी ओढायला तिला दुप्पट करंट लागतो, नाहीतर पिनियन लहान करावा लागतो. बॉक्सवरचा मोठा आकडा पाहून मोटर घ्यायची आणि वर पिनियनही मोठाच ठेवायचा, यातच बहुतेक मोटरी जातात.

कारण असं. भार आला की फेरे उतरतात. ते बिनभाराच्या फेऱ्यांच्या 80-85 टक्क्यांच्या आसपास राहिले तर मोटर बॅटरीचा चांगला उपयोग करते. भाराखाली फेरे निम्म्यावर आले की निम्म्याहून जास्त वीज नुसती उष्णतेत जाते. खंबाटकी टॉप गिअरवर चढवायला गेलात तर गाडी काय म्हणते ते आठवा. वळणावळणाच्या ट्रॅकवर, मातीत किंवा गवतात गाडी दर दोन सेकंदांनी थांबून पुन्हा सुटते, म्हणून तिथे पिनियन लहान हवा. लांब सरळ डांबरावर मोठा चालेल.

खऱ्या गाडीच्या एक-दशांश मापाच्या गाडीत 36 मिमी जाडीची, 3000 ते 3900 केव्हीची मोटर टूएसवर बहुतेकांना पुरते. एक-अष्टमांश बगी (खडबडीत जमिनीवर चालणारी गाडी) जड असते. तिला फोरएस आणि 2000 च्या आसपासचा केव्ही मानवतो. टूएसवरून थ्रीएसवर जाणार असाल तर तीच मोटर दीडपट फिरेल. 4300 केव्हीची मोटर पूर्ण चार्ज झालेल्या थ्रीएसवर (12.6 व्होल्ट) 54,000 च्या पुढे जाते आणि या मापाच्या बऱ्याच मोटरींची मर्यादा 50,000 च्या आसपास असते. अशा वेळी कमी केव्हीची मोटर घ्या. तेवढीच ताकद जास्त व्होल्टवर काढली की करंट कमी लागतो : 7.4 व्होल्टला 45 अँपिअर, तर थ्रीएसच्या सरासरी 11.1 ला 30. तारा, कनेक्टर आणि ईएससीत (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये) होणारी उष्णता करंटच्या वर्गाने चालते, म्हणून ती निम्म्याहूनही खाली येते. मात्र ईएससी थ्रीएस झेपणारा आहे ना, हे आधी पाहा.

नवी मोटर बसवल्यावर तीन मिनिटं चालवा, थांबा, मोटरचं तापमान मोजा. इन्फ्रारेड थर्मामीटर वापरा. ताप बघायचा घरातला नको, तो बहुधा 43 अंशांच्या वर वाचतच नाही. 70 पर्यंत निर्धास्त राहा. 80 ओलांडलं की पिनियनचे एक-दोन दात कमी करा, कारण साध्या प्रतीच्या निओडिमियम चुंबकाची शक्ती त्यापुढे कायमची कमी होऊ लागते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या ग्राहकांनी तर एक दात आधीच कमी करावा. तिथे हवाच 45 अंशांवर असते. आणि ईएससीतलं टायमिंग (मोटरच्या कॉइलांना वीज किती आधी द्यायची ते सेटिंग) वाढवून वेग काढण्याचा मोह आवरा. वेग मिळतो, पण उष्णता त्याहून जास्त मिळते.

दुकानात येताना गाडी, बॅटरी आणि सध्याचा पिनियन तिन्ही घेऊन या. स्परचे दात मोजायला लाज वाटू देऊ नका, आम्हीही बोटानंच मोजतो.