पॉर्फिरिने व प्रकाशगतिक उपचार

पॉर्फिरिने : चार पायरोल वलये चार मेथिन पुलांनी जोडून तयार होणाऱ्या मोठ्या, सपाट वलयी संयुगांचा वर्ग. रक्ताला लाल रंग देणारे हीम म्हणजे लोह बसलेले पॉर्फिरिन. पानातले हरितद्रव्य याच घराण्यातले. त्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते आणि एक वलय अंशतः क्षपित झालेले (हायड्रोजन मिळालेले) असते. मधल्या चार नायट्रोजनांच्या पोकळीत कोणता धातू बसतो यावर संयुगाचे काम ठरते. पोकळी रिकामी असेल किंवा तिथे जस्त असेल, तर प्रकाशाने मिळालेली ऊर्जा बराच वेळ टिकते आणि शेजारच्या ऑक्सिजनला देता येते. लोह किंवा तांबे असेल तर ती आतल्या आत उष्णता होऊन विरते. म्हणूनच कर्करोगावरच्या प्रकाशोपचारात हीम निरुपयोगी, आणि शरीरात हीम तयार होण्याच्या आधीच्या पायरीवरचे प्रोटोपॉर्फिरिन-९ मात्र मोलाचे.

प्रकाशगतिक उपचार म्हणजे असे संयुग शरीरात देऊन त्यावर प्रकाश टाकून कर्कपेशी मारणे. त्यासाठी संयुग, प्रकाश आणि ऑक्सिजन हे तिन्ही एकाच जागी लागतात. संयुगाने प्रकाश शोषला की ऑक्सिजन ‘सिंगलेट’ या अतिक्रियाशील अवस्थेत जातो आणि पेशीतील मेद व प्रथिने जाळतो. पाण्यात या अवस्थेचे आयुष्य सुमारे ३.५ मायक्रोसेकंद, पेशीत त्याहूनही कमी. त्यामुळे संयुग जिथे आहे तिथेच इजा होते, आणि पद्धतीची खरी ताकद हीच आहे. मर्यादाही प्रकाशाचीच. निळा प्रकाश ऊतीत जेमतेम मिलिमीटरभर शिरतो, ६३० नॅनोमीटरचा तांबडा काही मिलिमीटर. तोंड, अन्ननलिका, मूत्राशय, त्वचा अशा पृष्ठभागावरच्या किंवा प्रकाशतंतू पोचू शकेल अशा गाठींसाठीच ही पद्धत उपयोगी. तंबाखू-चुना आणि मिश्री घरोघरी पोचलेल्या सातारा-सांगली भागात तोंडाच्या कर्करोगामुळे हा विषय दूरचा राहत नाही.

म्युनिकमध्ये १९०० साली ओस्कार राब या विद्यार्थ्याला दिसले, की ॲक्रिडीन रंगातले पॅरामेशियम हे एकपेशी जीव अंधारात जगतात आणि उजेडात मरतात. त्याचे गुरू फॉन टापाइनर यांनी या क्रियेला ‘फोटोडायनॅमिक’ हे नाव दिले. १९१२ मध्ये मायर-बेट्झ यांनी २०० मिलिग्रॅम हिमॅटोपॉर्फिरिन स्वतःला टोचून घेतले आणि पुढे कित्येक आठवडे उन्हाने सुजत राहिले. औषध म्हणून पोर्फिमर सोडियम या पॉर्फिरिन-मिश्रणाला कॅनडात १९९३ मध्ये आणि अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली. भारतात टी. के. चंद्रशेखर यांनी विस्तारित (मोठ्या वलयाच्या) पॉर्फिरिनांवर आणि आयआयटी मुंबईच्या एम. रविकांत यांनी गाभ्यातले नायट्रोजन बदललेल्या पॉर्फिरिनांवर मोठे काम केले आहे.

सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय किंवा साताऱ्याचे यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स यांसारख्या ठिकाणच्या एम.एस्सी. प्रयोगशाळेत करता येण्याजोगी सर्वांत सोपी कृती म्हणजे ॲडलर-लाँगो पद्धत (१९६७). ७५ मिलिलिटर प्रोपिऑनिक आम्ल उकळीला (१४१ अंश) आणावे, त्यात २ मिलिलिटर बेंझाल्डिहाइड व १.४ मिलिलिटर पायरोल घालून अर्धा तास रिफ्लक्स करावे, म्हणजे वाफ थंड होऊन परत फ्लास्कमध्ये पडेल असे उकळत ठेवावे. मिश्रण काळेकुट्ट होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. थंड करून गाळले, मिथेनॉल आणि नंतर गरम पाण्याने धुतले, की कागदावर चमकदार जांभळे स्फटिक उरतात. हे टेट्राफिनाइलपॉर्फिरिन, म्हणजे टीपीपी. उतारा २० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साधारण ६०० मिलिग्रॅम. फ्यूम हूड नसेल तर हा प्रयोग करूच नये. आम्लाचा कुबट, आंबूस वास कपड्यांतून दोन दिवस जात नाही.

बिघाड बहुतेक वेळा पायरोलमध्ये असतो. उजेड आणि हवा लागलेले पायरोल तपकिरी पडते आणि मग स्फटिकांऐवजी डांबर हाती येते. त्याच दिवशी ऊर्ध्वपातन करून (१३० अंश) पाण्यासारखे स्वच्छ पायरोल घेणे हाच उपाय. आम्लाची उकळी न सोसणाऱ्या आल्डिहाइडांसाठी लिंडसे पद्धत (१९८७) वापरतात : ५०० मिलिलिटर डायक्लोरोमिथेनमध्ये दोन्ही घटक प्रत्येकी १० मिलिमोलर, नायट्रोजनखाली आम्ल उत्प्रेरक, तासाभराने डीडीक्यू (वलयातला जादा हायड्रोजन काढून घेणारे संयुग). उतारा ३० ते ४० टक्क्यांपर्यंत जातो. पण डायक्लोरोमिथेन ३९.६ अंशांना उकळते आणि सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. द्रावक उडाला की तीव्रता वाढते आणि वलय मिटण्याऐवजी लांब साखळ्या बनतात. फ्लास्क पाण्याच्या टबात ठेवून पहाटे प्रयोग लावणे शहाणपणाचे. पावसाळ्यात साताऱ्याकडची अडचण उलटी : याच पद्धतीतला आम्ल उत्प्रेरक असलेल्या बोरॉन ट्रायफ्लोराइड ईथरेटची बाटली उघडताच ते हवेतली ओल ओढून धुरावते.

शुद्धता तपासायला वर्णपट पुरेसा बोलका असतो. टीपीपीचा सोरे पट्टा (सर्वांत तीव्र शोषणपट्टा) ४१८ नॅनोमीटरजवळ, आणि चार लहान पट्टे ५१५, ५५०, ५९० व ६४७ जवळ. २ मायक्रोमोलर द्रावणातच सोरेचे शोषण ०.९ च्या घरात जाते, पण लहान पट्टे नीट दिसायला साधारण वीसपट तीव्र द्रावण लागते. एकाच द्रावणावर दोन्ही मोजू पाहणारे इथे फसतात. ६५० चा पट्टा वाजवीपेक्षा उंच असेल तर क्लोरिनची (एक वलय क्षपित झालेल्या पॉर्फिरिनची, क्लोरीन वायूची नव्हे) भेसळ आहे. डीडीक्यूने ती जाते. जस्त बसले की चारचे दोन पट्टे होतात. ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चखाली टीएलसी पट्टीवर (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या पातळ थरावर) टीपीपीचा ठिपका निखाऱ्यासारखा लाल चमकतो. तांबे शिरले की ठिपका तसाच राहतो आणि चमक मावळते.

‘कर्करोगविरोधी’ हा शब्द लिहिण्यापूर्वी पेशींच्या चार प्लेट हव्यात : काहीच न दिलेली, फक्त प्रकाशाची, फक्त संयुगाची (अंधारात), आणि दोन्हींची. अंधारातली प्लेट नसेल तर निष्कर्षाला अर्थ नाही. पेशी प्रकाशक्रियेने मेल्या की साध्या विषारीपणाने, हे कळतच नाही. प्रकाशाची मात्राही लिहिली पाहिजे : चौरस सेंटिमीटरला २० मिलिवॅट असे ५०० सेकंद म्हणजे १० जूल. ‘एलईडीखाली दहा मिनिटे’ या नोंदीवरून कोणालाच प्रयोग पुन्हा करता येत नाही. सिंगलेट ऑक्सिजन मोजायला डीपीबीएफ हे त्याने फिके पडणारे संयुग वापरतात, पण त्याचे शोषण ४१० च्या आसपास, म्हणजे नेमके सोरेवरच. प्रकाश ५०० च्या पुढचा ठेवावा, नाहीतर डीपीबीएफ आपोआपच फिके पडते. पाण्यात टीपीपीचे रेणू चवडीसारखे एकमेकांवर बसतात आणि निष्प्रभ होतात. त्यासाठी सल्फोनेट किंवा पिरिडिनियम हे पाण्यात विरघळवणारे गट जोडतात. सांगलीच्या हळदीतले कर्क्युमिनही प्रकाशसंवेदक आहे, मात्र ते निळा प्रकाश शोषते, त्यामुळे खोलवर त्याचा उपयोग नाही.

नव्या पदार्थांच्या (मटेरियल्स) विज्ञानात याच वलयाने सौर विद्युतघटांत चांगली कामगिरी केली : रंजक-संवेदित (रंगद्रव्याने प्रकाश टिपणाऱ्या) घटांत पॉर्फिरिन वापरून २०१४ मध्ये १३ टक्के कार्यक्षमता गाठली गेली. प्लॅटिनम पॉर्फिरिनांची चमक ऑक्सिजनने मंदावते, म्हणून ती ऑक्सिजन-संवेदकांत घालतात.

प्रत्यक्ष उपचारात पोर्फिमर किलोमागे २ मिलिग्रॅम शिरेतून देतात आणि ४० ते ५० तासांनी ६३० नॅनोमीटरचा लेझर सोडतात. टेमोपोर्फिन या दुसऱ्या औषधाला ६५२ नॅनोमीटरचा प्रकाश आणि किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम पुरतात. तिसरे औषध अमिनोलेव्हुलिनिक आम्ल स्वतः पॉर्फिरिन नाही. ते दिल्यावर पेशी स्वतःच प्रोटोपॉर्फिरिन-९ साठवते. पोर्फिमरनंतर किमान ३० दिवस ऊन टाळावे लागते. तासगावच्या द्राक्षबागेत किंवा जतच्या माळावर राबणाऱ्या माणसाला हे अवघड जाते, म्हणून तारीख ठरवतानाच बागेचा हंगाम विचारून घ्यावा. सनस्क्रीनचा इथे उपयोग नाही, कारण इजा दृश्य प्रकाशाने होते. खिडकीच्या काचेतूनही तो येतो. लांब बाह्या, हातमोजे, रुंद काठाची टोपी आणि काळा चष्मा लागतो. मात्र अंधाऱ्या खोलीत कोंडून बसू नये : घरातल्या साध्या उजेडाने त्वचेत उरलेले औषध हळूहळू निकामी होते.