क्रिस्टल रिव्हर की ब्लू स्प्रिंग? हिवाळ्यात मॅनाटी बघायला नक्की कुठे जायचं

डिसेंबर-जानेवारीत फ्लोरिडाला जाणाऱ्यांचा बेत बहुतेक ठरलेला असतो. ऑरलँडोची थीम पार्क, एखादा समुद्रकिनारा आणि मधल्या मोकळ्या दिवशी ‘ते मॅनाटीवालं झऱ्याचं ठिकाण’. (मॅनाटी म्हणजे पाण्यात राहणारा मोठा, शाकाहारी सस्तन प्राणी.) घोळ इथेच होतो, कारण अशी नावाजलेली ठिकाणं दोन आहेत. क्रिस्टल रिव्हर हे पश्चिमेला, मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्याजवळचं गाव. ब्लू स्प्रिंग हे ऑरलँडोच्या उत्तरेला, ऑरेंज सिटीजवळ सेंट जॉन्स नदीच्या काठावरचं स्टेट पार्क. दोन्हीकडे काचेसारखं नितळ पाणी, दोन्हीकडे तेच प्राणी, आणि फोटो बघून तर फरक कळतच नाही. पण जानेवारीत एका ठिकाणी तुम्ही मॅनाटींच्या पाण्यात उतरू शकता आणि दुसरीकडे पाण्यात बोटही बुडवायचं नसतं. गाडीच्या टपावर कयाक (वल्ह्याची छोटी, अरुंद होडी) बांधून हौसेनं ब्लू स्प्रिंगला पोहोचलेल्या माणसाचा त्या दिवशी चांगलाच हिरमोड होतो.

आधी पाण्याबद्दल, कारण त्यातही गैरसमज असतो. उबदार झरे म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं येतात. फ्लोरिडाचे झरे तसे वाफाळते नाहीत. इथलं पाणी वर्षभर साधारण २२ अंश सेल्सिअस असतं. जमिनीखाली चुनखडीचे जाड थर आहेत, पावसाचं पाणी त्यात मुरतं, भेगांमधून आणि पोकळ्यांमधून वाहतं आणि कुठेतरी उसळून वर येतं. इतक्या खोलवर ऋतूंचा परिणाम पोहोचत नाही, म्हणून त्याचं तापमान त्या भागातल्या हवेच्या वर्षभराच्या सरासरीइतकं राहतं. आपल्याकडे विहिरीचं पाणी थंडीत कोमट आणि उन्हाळ्यात गार लागतं, ते ह्याच कारणानं. तेव्हा पोहायचं असेल तर वेटसूट (अंग उबदार ठेवणारा रबरी पोशाख) हवाच. २२ अंशांच्या पाण्यात अर्ध्या तासात माणूस कुडकुडायला लागतो.

मॅनाटीसाठी मात्र हेच पाणी जीव वाचवणारं. तीन मीटर लांब, साडेचारशे-पाचशे किलोचा, हत्तीशी नातं सांगणारा हा शाकाहारी प्राणी दिसायला लठ्ठ असला तरी त्याच्या अंगावर व्हेलसारखा चरबीचा जाड थर नसतो आणि शरीरात ऊर्जाही सावकाश तयार होते. पाणी २० अंशांच्या खाली जाऊन तसंच राहिलं, तर तो आजारी पडतो आणि मरूही शकतो. म्हणून नदी-समुद्र गारठले की मॅनाटी झऱ्यांकडे येतात. (आपल्याकडे कच्छच्या आणि मन्नारच्या आखातात आणि अंदमानात दिसणारा ड्यूगाँग हा त्याचा समुद्रातच राहणारा भाऊबंद. ड्यूगाँगची शेपटी व्हेलसारखी दुभंगलेली, तर मॅनाटीची गोल, वल्ह्याच्या पात्यासारखी.)

आता ब्लू स्प्रिंग. झऱ्यापासून सेंट जॉन्स नदीपर्यंत जेमतेम अर्ध्या किलोमीटरचा एक प्रवाह आहे. १५ नोव्हेंबर ते ३१ मार्च ह्या काळात तो माणसांसाठी पूर्ण बंद असतो. पोहणं नाही, स्नॉर्केलिंग नाही, कॅनू-कयाक नाही. तुम्ही काठाच्या लाकडी बोर्डवॉकवरून बघायचं. हे ऐकून अनेक जण ठिकाणावर काट मारतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण मॅनाटी खऱ्या अर्थानं बघायची जागा हीच आहे. त्यांना तुमची दखलही घ्यावी लागत नाही. ते झोपतात, कूस बदलतात, पिल्लं आईच्या काखेशी दूध पितात. दर काही मिनिटांनी एखादं नाक पाण्याबाहेर येतं, नाकपुड्यांची झाकणं उघडतात, ‘फुस्स’ असा श्वास ऐकू येतो, झाकणं मिटतात आणि नाक पुन्हा खाली जातं. नीट बघितलं तर पाठीवर समांतर पांढरे वण दिसतात. ते मोटरबोटींच्या पंख्यांचे घाव. अभ्यासक ह्याच वणांवरून एकेक मॅनाटी ओळखतात. मॅनाटींचे अभ्यासक वेन हार्टली यांनी अनेक दशकं हिवाळ्यातल्या सकाळी कॅनूत बसून इथली हजेरी घेतली आहे.

त्या हजेरीचे आकडेच सगळं सांगतात. १९७० साली इथे १४ मॅनाटी मोजले गेले होते. १९७२ मध्ये राज्यानं ही जागा घेऊन पार्क केलं, पुढे हिवाळ्यात प्रवाह बंद ठेवायला सुरुवात झाली, आणि २१ जानेवारी २०२४ ला एकाच दिवशी ९३२ मॅनाटी मोजले गेले. अर्ध्या किलोमीटरच्या प्रवाहात ९३२! माणसांना बाहेर ठेवल्याशिवाय हे झालं असतं असं मला वाटत नाही.

क्रिस्टल रिव्हरचा कारभार वेगळा. इथे किंग्ज बे नावाची खाडी आहे आणि तिच्या तळाशी सत्तरहून जास्त झरे आहेत. मॅनाटींसाठी १९८३ मध्ये इथे राष्ट्रीय अभयारण्य झालं, पण खाडीला लागून गाव आहे, घरं आहेत, बोटी आहेत. त्यामुळे सगळं बंद करण्याऐवजी हिवाळ्यात खाडीचे काही तुकडे दोर आणि बोयांनी (पाण्यावर तरंगत्या खुणांनी) वेगळे काढतात. आत मॅनाटी, बाहेर आपण. दोराबाहेर आलेल्या मॅनाटीसोबत पोहायला कायद्यानं परवानगी आहे. फ्लोरिडात ही मुभा फक्त ह्याच परिसरात आहे, आणि जाहिरातींमधला ‘मॅनाटींबरोबर पोहा’ तो हाच.

कयाकसाठीही जागा हीच. गावातल्या हंटर स्प्रिंग्ज पार्कमधून कयाक पाण्यात सोडली की प्रसिद्ध थ्री सिस्टर्स स्प्रिंग्जपर्यंत थोडंच अंतर. मात्र मॅनाटींच्या हंगामात थ्री सिस्टर्सच्या आत कयाक नेता येत नाही. बाहेर बांधून पोहत आत जायचं, आणि कडाक्याच्या थंडीत आत मॅनाटींची गर्दी झाली की तेही बंद. तेव्हा तिथल्या बोर्डवॉकवरून बघता येतं. वल्हवताना एकच गोष्ट मनापासून सांगते: मॅनाटीच्या मागे जाऊ नका. थांबा, वल्हं आडवं मांडीवर ठेवा, कयाक वाहू द्या. पुष्कळदा तोच कुतूहलानं येऊन कयाकच्या तळाला पाठ घासून जातो. पोहताना पाय मारले तर तळाचा गाळ उठतो आणि झोपलेला मॅनाटी दचकतो, म्हणून फोमच्या नळीवर नुसतं पालथं तरंगत राहायचं. त्याला खायला घालणं, पाणी पाजणं, अडवणं, आई आणि पिल्लाच्या मध्ये जाणं हे सगळं बेकायदा आहे.

दोन्हींतला एक फरक पर्यटकांच्या लक्षात येत नाही, तो अन्नाचा. ब्लू स्प्रिंगच्या प्रवाहात ऊब आहे, पण खायला फारसं काही नाही. भूक लागली की त्यांना थंड नदीत जावंच लागतं, म्हणून दुपारी ऊन तापलं की प्रवाह रिकामा होतो. किंग्ज बेमध्ये शेवाळाचा गाळ उपसून पाणगवताची पुन्हा लागवड केली आहे, त्यामुळे ऊब आणि चारा जवळजवळ आहेत. ही गोष्ट किती मोलाची ते २०२१ ने दाखवलं. त्या वर्षी फ्लोरिडात सुमारे १,१०० मॅनाटी मेले आणि त्यातले कितीतरी पूर्व किनाऱ्यावर, समुद्रगवत नष्ट झाल्यामुळे उपाशी.

मग जायचं कुठे? भारतातून आलेले आई-बाबा किंवा लहान मुलं बरोबर असतील तर डोळे झाकून ब्लू स्प्रिंग. थंडीची लाट येऊन गेल्यावरची सकाळ निवडा आणि उघडण्याच्या वेळेलाच पोहोचा. सुट्टीच्या दिवसांत पार्क भरलं की फाटक बंद करतात. जीपीएसवर ‘ऑरेंज सिटी’ टाकायला विसरू नका, ब्लू स्प्रिंग नावाची आणखीही पार्क राज्यात आहेत. वल्हवायची किंवा पाण्यात उतरायची हौस असेल तर क्रिस्टल रिव्हर. ऑरलँडोहून दीडेक तासाचा रस्ता आहे, म्हणून आदल्या रात्री तिथेच मुक्काम करून पहाटे पाण्यावर असलेलं बरं.

आणि मॅनाटी दिसले नाहीत तरी चालेल, पण दिवसभर कयाक चालवायची आहे, असं असेल तर दोन्ही सोडा आणि ओकालाजवळच्या सिल्व्हर स्प्रिंग्जला जा. सिल्व्हर रिव्हरवर बगळे, काठावर ऊन खात पडलेल्या मगरींच्या जातीतल्या अ‍ॅलिगेटर, आणि झाडांवर चक्क आपल्या उत्तर भारतातली लाल तोंडाची माकडं दिसतात. १९३० च्या दशकात बोटीच्या सफरी चालवणाऱ्या एका माणसानं पर्यटकांच्या करमणुकीसाठी ती नदीतल्या बेटावर सोडली होती. माकडांना पोहता येत नाही असं त्याला वाटत होतं. ती पोहून काठावर गेली आणि त्यांचे वंशज अजून तिथेच आहेत. कयाक झाडांखालून नेऊ नका आणि त्यांना दाणेही टाकू नका.