पशुधन भरपाई योजना (अमेरिका)

वादळ, पूर, वणवा, कडाक्याची थंडी किंवा उष्णतेची लाट यांत दगावलेल्या जनावरांपोटी अमेरिकेचे केंद्र सरकार पशुपालकांना देते ती रोख मदत. कायदा वॉशिंग्टनमध्ये होतो. अर्ज मात्र काउंटीच्या कार्यालयात द्यावा लागतो. काउंटी म्हणजे राज्याखालचा विभाग, साधारण आपल्या जिल्ह्यासारखा, पण गुरांच्या मुलखातल्या अनेक काउंट्यांत माणसांपेक्षा गायीच जास्त. कृषी खात्याच्या ‘फार्म सर्व्हिस एजन्सी’चे हे कार्यालय असते आणि तिथल्या समितीवर स्थानिक शेतकऱ्यांनी आपल्यातूनच निवडून दिलेली माणसे बसतात.

जनावराचा प्रकार आणि वजन पाहून सरासरी बाजारभाव ठरतो व त्याच्या ७५ टक्के रक्कम मिळते. कळपात एरवीही होणारी मरतूक आधी वजा केली जाते. केंद्र सरकारने पुन्हा जंगलात सोडलेल्या लांडग्यांसारख्या हिंस्र प्राण्यांनी मारलेली जनावरेही योजनेत बसतात. दुष्काळ यात येत नाही. त्यासाठी चाऱ्याची वेगळी योजना आहे आणि तिचे हप्ते दर आठवड्याला निघणाऱ्या दुष्काळ-नकाशावर ठरतात.

खरी कसोटी पुराव्याची. जनावर होते, ते आपलेच होते आणि आपत्तीनेच मेले, या तिन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. हजारो एकरांच्या कुरणात विखुरलेल्या गुरांचा असा पंचनामा किती अवघड, हे २०१३ साली साउथ डकोटात दिसले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ‘ॲटलास’ हे हिमवादळ राज्याच्या पश्चिम भागावर आले. गुरे अजून उन्हाळी कुरणांतच होती, अंगावर हिवाळ्याची दाट लव आलेली नव्हती. आधी पावसाने ती चिंब झाली, मग त्यावर ओला, जड बर्फ आणि सोसाट्याचा वारा. वाऱ्याला पाठ देऊन गुरे मैलोन्‌मैल चालत गेली, कुंपणापाशी थिजली, घळींत कोसळली. हजारो मेली. मालक कानातल्या बिल्ल्यांवरून आणि डागण्यांवरून आपली जनावरे ओळखत हिंडत होते.

मदत मागायला दार उघडे नव्हते. २००८च्या कृषी कायद्यातील या योजनेची मुदत ३० सप्टेंबर २०११लाच संपली होती. त्यात अर्थसंकल्पाच्या वादामुळे १ ऑक्टोबर २०१३पासून केंद्राचे कामकाज बंद, म्हणून काउंटी कार्यालयांनाही कुलूप. फोटो काढा, बिल्ल्यांचे क्रमांक लिहून ठेवा, त्रयस्थाकडून खातरजमा करून घ्या, एवढाच सल्ला त्या दिवसांत पशुपालकांना मिळत होता. तो मोलाचा ठरला. ७ फेब्रुवारी २०१४च्या नव्या कायद्याने योजना कायमस्वरूपी केली आणि १ ऑक्टोबर २०११पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू केली. अर्ज १५ एप्रिलपासून घेतले गेले. तोवर जनावरे कधीच पुरून झाली होती. हाती होते ते फोटो आणि याद्या.

एक नुकसान मात्र कुठल्याच रकान्यात बसत नसे. वसंतात विणारी गाय हिवाळ्याच्या तोंडाला गाभण असते; ती मेली की एका गायीचेच पैसे मिळत, पोटातले वासरू हिशेबात नसे. मालकाच्या लेखी मात्र ते पुढच्या वर्षाचे उत्पन्न. २०२५च्या कायद्याने अशा न जन्मलेल्या वासरांसाठी जादा रक्कम देऊ केली आणि संरक्षित हिंस्र प्राण्यांनी मारलेल्या जनावरांची भरपाई पूर्ण बाजारभावाइतकी केली.