एन्करेज आणि एम्बोल्डन: धीर दिला की भीड चेपली?

'माय टीचर एम्बोल्डन्ड मी' असं निबंधात लिहिलं तर व्याकरण चुकत नाही. पण वाचणाऱ्याच्या मनात येतं, बाईंनी याला नेमकं कशाला तयार केलं? तिथे 'एन्करेज्ड' हवं होतं.

एन्करेज फ्रेंचमधून आला, आणि त्याच्या पोटात 'हृदय' या अर्थाचा लॅटिन 'कोर' आहे. धाडस छातीत राहतं हे आपल्यालाही मान्यच. म्हणून तर 'विचारायची छाती होत नाही' म्हणतो. कचरणाऱ्याच्या काळजात बळ घालणं, हुरूप देणं म्हणजे एन्करेज.

एम्बोल्डनमध्ये 'बोल्ड' बसलाय, म्हणजे धीट. आणि मराठीतला 'धीट' काही साधा नाही. 'पोरगी धीट आहे' हे कौतुक, 'हल्ली जरा जास्तच धीट झालीये' ही तक्रार. एम्बोल्डनमध्ये हे दोन्ही सूर आहेत, पण बातम्यांत बहुधा तक्रारीचाच ऐकू येतो: शिक्षा झाली नाही म्हणून गुन्हेगार एम्बोल्डन झाले, जग गप्प बसलं म्हणून आक्रमक एम्बोल्डन झाला. 'म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो' यातलं 'सोकावतो' इंग्रजीत न्यायचं तर मी हेच क्रियापद घेईन. चांगल्या अर्थानंही ते चालतं; पहिला मोर्चा यशस्वी झाल्यावर कामगारांची भीड चेपते, तेव्हा तेही एम्बोल्डनच.

आणखी एक फरक आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. मी तुम्हाला एन्करेज केलं तरी तुम्ही घाबरलेलेच राहू शकता. माझा प्रयत्न वाया गेला, एवढंच. एम्बोल्डन म्हटलं की भीती गेलेलीच असते. शिवाय एन्करेज करणारा बहुधा माणूस असतो, मुद्दाम करणारा. एम्बोल्डन करायला एखादा विजय, कुणाचं मौन किंवा ढिला कायदाही पुरतो. अर्थात 'साचलेलं पाणी डासांना एन्करेज करतं' असंही इंग्रजी म्हणतं, पण तिथे अर्थ धीराचा नसून खतपाणी घालण्याचा.

वाक्यात घालताना आपल्याला 'साठी' नडतो. 'शी एन्करेज्ड मी फॉर स्टडीइंग' नव्हे, 'शी एन्करेज्ड मी टू स्टडी'. एम्बोल्डनलाही 'टू'च. 'फ्रॉम' लागतो तो डिस्करेजला: 'डिस्करेज्ड मी फ्रॉम गोइंग'.