घरातील रोपवाटिका (नागपूर)

खिडकीशी किंवा दिव्याखाली भाजीपाल्याची रोपे पुनर्लागवडीच्या वयापर्यंत वाढवण्याची पद्धत. टोमॅटो, वांगी, फुलकोबी आणि मिरची (नागपूर जिल्ह्यात अर्थातच भिवापुरीसुद्धा) ही यातली मुख्य पिके. भेंडी, मुळा, पालक, सांभार (कोथिंबीर) यांचे बी थेट कुंडीत टाकावे.

नागपुरात आकाशात उजेडाची कमी नाही, ती घरात आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. मग एका खिडकीत कूलर बसतो, बाकीच्यांवर जाड पडदे येतात आणि त्याच अंधाऱ्या, गरम खोल्यांत पावसाळी लागवडीची रोपे धरायची असतात. बाहेर भर दुपारी सुमारे १ लाख लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश असला, तरी खोलीच्या मध्यभागी तो काहीशे लक्सच उरतो. डोळे कमी उजेडाला चटकन सरावतात, त्यामुळे ‘खोलीत भरपूर उजेड आहे’ हा अंदाज हमखास चुकतो.

प्रकाश अपुरा पडला की रोप किडकिडीत आणि फिकट होते, खिडकीकडे झुकते. सावलीच्या बाजूला ऑक्सिन हे संप्रेरक अधिक साचते आणि तिथल्या पेशी लांबतात, म्हणून हा झुकाव येतो. उष्णतेने खोड आणखी भराभर लांबते. टोमॅटोचे लांबलेले रोप बीजदलांपर्यंत (उगवताना आलेल्या पहिल्या दोन पानांपर्यंत) मातीत पुरता येते, कारण त्याच्या खोडाला मुळे फुटतात. मिरचीच्या बाबतीत या उपायाचा फारसा भरवसा धरू नये.

खिडकी ऋतू पाहून निवडावी. शहर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवरच असल्याने दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलवर येते. मेअखेरीस तो थेट डोक्यावर येतो आणि जुलैच्या मध्यापर्यंत दुपारी किंचित उत्तरेकडे राहतो. तेव्हा दक्षिणेची खिडकी जवळजवळ निरुपयोगी ठरते, पूर्वेची सर्वांत चांगली. पश्चिमेच्या उन्हाने कोवळी पाने करपतात.

खिडकी नसल्यास साधी पांढरी एलईडी ट्यूब पुरते, महागड्या जांभळ्या दिव्यांची गरज नाही. मात्र ती शेंड्यापासून १०-१५ सेंमीवर हवी आणि रोज १४ ते १६ तास चालू हवी. छतावरच्या ट्यूबचा उपयोग नाही.

कमी उजेडात माती उशिरा वाळते. पिथियमसारख्या बुरशीला ते मानवते आणि रोपे बुडाशी नरम होऊन कोलमडतात. विदर्भाची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत घ्यावे, बी विरळ पेरावे, पाणी खालून द्यावे. पंख्याची हलकी झुळूक खोडही मजबूत करते.

बाहेर नेण्याआधी आठवडाभर रोपे कणखर करावी लागतात. उन्हाळ्यात सकाळचे कोवळे ऊन तासभर, मग हळूहळू वाढवत, तेही हिरव्या शेडनेटखाली. लागवड पहिला चांगला पाऊस झाल्यावर, संध्याकाळी करावी.