क्रूझ जहाजाची पिछाडी अशी चपटी का असते?

टायटॅनिकच्या अगदी मागच्या टोकाचा उघडा डेक तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना फिरण्यासाठी दिलेला होता. 1912 सालच्या पद्धतीप्रमाणे ते रीतसरच होतं. वाफेच्या जहाजाचा मागचा भाग म्हणजे सगळ्यात त्रासाची जागा. खाली प्रोपेलर फिरत असायचे, त्यांची थरथर फळ्यांमधून पायांपर्यंत पोहोचायची आणि समुद्र खवळला की जहाजाचं हेच टोक सर्वात जास्त वर-खाली व्हायचं. श्रीमंतांच्या खोल्या मध्यभागी, जिथे हेलकावे सर्वात कमी. गरिबांना दोन्ही टोकं.

आज नेमकं उलट झालंय. मागच्या बाजूला, जहाजामागे उलगडत जाणाऱ्या फेसाळ पट्ट्याकडे तोंड करून असलेल्या बाल्कनीच्या केबिनना मोठी मागणी असते. काही जहाजांवर सर्वात प्रशस्त स्वीट तिथेच, कोपऱ्यात असतात. बाहेरून पाहिलं तर मात्र बरेच जण नाक मुरडतात. जुन्या जहाजांची मागे निमुळती होत गेलेली डौलदार वळणं गेली आणि त्यांच्या जागी दहा-बारा मजली सपाट भिंत आली, ही तक्रार जहाजप्रेमींच्या गप्पांमध्ये हमखास निघते. तक्रार मला समजते, पण ती अर्धीच खरी आहे. ही चपटी भिंत पाण्यातून आणि विजेच्या मोटरीतून आली आहे. आणि पिछाडीला तिचा मान परत मिळाला तोही याच बदलामुळे.

परत मिळाला असं म्हणतो, कारण शिडाच्या जहाजांवर तो होताच. कप्तानाची दालनं मागेच असायची, मोठमोठ्या खिडक्यांची. स्टॉकहोमच्या संग्रहालयात ठेवलेलं वासा हे स्वीडिश युद्धनौकेचं धूड पाहिलं की ते लगेच कळतं. 1628 साली पहिल्याच सफरीत, बंदरातच बुडालेल्या या जहाजाची पिछाडी सिंहांनी, योद्ध्यांनी आणि राजचिन्हांनी मढवलेली आहे. सगळं कोरीवकाम जणू तिथेच ओतलंय. इंजिन आलं, प्रोपेलर आला आणि ही मानाची जागा थरथरायला लागली.

आता पाण्याकडे वळू. जहाज पुढे जाताना नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, पाणी दुभंगते, हे आपल्याला दिसतं. त्याहून अवघड काम मागे चालतं. दुभंगलेलं पाणी पुन्हा सावकाश, भोवरे न करता एकत्र यायला हवं. ते नीट जुळलं नाही, तर मागे पाण्याचा दाब कमी राहतो, जहाज मागे ओढलं जातं आणि इंधन वाया जातं. म्हणून संथ जहाजाला पाण्याखाली मागेही निमुळता आकारच सोयीचा.

टायटॅनिकच्या काळातली पिछाडी पाण्याच्या पातळीला निमुळती व्हायची आणि तिच्यावर मागे झुकलेला, पाण्याबाहेर लोंबणारा भाग असायचा. त्याच्या खाली सुकाणू. दिसायला सुरेख, पण मागून मोठी लाट आली की या लोंबत्या भागाच्या पोटावर ती आदळायची. पुढे क्रूझर या युद्धनौकांची गोलसर पिछाडी प्रवासी जहाजांवर आली. युद्धनौकांना सुकाणू फिरवणारी यंत्रणा तोफगोळ्यांपासून वाचवायला पाण्याखाली हवी होती. प्रवासी जहाजांना वेगळाच फायदा झाला, तो म्हणजे पाण्याला टेकलेली लांबी वाढली. 1936 साली सेवेत आलेल्या क्वीन मेरीची पिछाडी अशी आहे. हे जहाज आता कॅलिफोर्नियात लाँग बीचला कायमचं उभं आहे.

लांबीचं एवढं कौतुक का? चालणारं जहाज स्वतःच्या लाटा तयार करतं आणि त्या लाटांची लांबी त्याच्या वेगावर ठरते. 22 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 40 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या जहाजाची लाट साधारण 82 मीटर लांब असते. जहाज स्वतः 330 मीटर असेल तर त्याच्या लांबीत अशा चार लाटा मावतात. लाटेच्या मानाने जहाज जितकं लांब, तितकी लाटा उठवण्यात खर्च होणारी शक्ती कमी. जहाज लहान आणि वेग मोठा असेल तर ते स्वतःच्याच लाटेच्या चढावर अडकतं आणि इंधन नुसतं जळत राहतं.

मग पिछाडी चक्क कापून टाकली तर? चपट्या पिछाडीला ट्रान्सम म्हणतात. तिची खालची कड धारदार असते. वेग पुरेसा असला, तर पाणी त्या कडेवरून स्वच्छ सुटतं आणि थोडं अंतर तसंच सरळ वाहत राहतं. जहाज मागे आणखी काही मीटर लांब असल्यासारखं पाणी वागतं. विनाशिका आणि वेगवान बोटींना याचा मोठा लाभ होतो. क्रूझ जहाज त्यांच्या मानाने संथ. त्याची ट्रान्सम पाण्यात खोल बुडाली तर मागे भोवऱ्यांचा गोंधळ माजेल. म्हणून तिची खालची कड पाण्याच्या पातळीच्या आसपास ठेवतात आणि तळ मागच्या बाजूला हळूहळू वर चढवत नेतात. बाहेरून दिसणारी भिंत उभी आणि रोखठोक असली, तरी पाण्याखाली एक लांबलचक, मऊ चढाव असतो. मला स्वतःला जहाजाचा हाच भाग सर्वात सुंदर वाटतो. जहाज दुरुस्तीसाठी कोरड्या गोदीत घेतल्याशिवाय तो दिसत मात्र नाही.

चपटेपणाचं दुसरं कारण आहे स्थैर्य. जहाज कलंडायला लागलं की त्याला परत सरळ करणारी ताकद पाण्याच्या पातळीवरच्या रुंदीतून येते आणि ती रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पिछाडीची एक चिंचोळी पट्टी घ्या. तिची रुंदी 40 मीटरऐवजी 20 मीटर केली, तर स्थैर्यातला तिचा वाटा निम्मा होत नाही, एक अष्टमांश होतो. वर पंधरा-वीस मजले चढवायचे असतील तर हा वाटा गमावून चालत नाही. शिवाय केबिन अगदी टोकापर्यंत नेल्या की तिथे वजन येतं आणि त्या वजनाला खालून उचलून धरणारं पाणीही तिथेच लागतं. निमुळत्या पिछाडीवर एवढा भार टाकला तर जहाज मागून खाली बसेल.

व्यवहाराचा भागही आहेच. बंदरातल्या धक्क्याची लांबी ठरलेली, कालव्यातल्या जलपाशाचीही, म्हणजे जहाज वर-खाली नेणाऱ्या दारबंद हौदाचीही. पनामा कालव्याच्या जुन्या जलपाशांमध्ये सुमारे 294 मीटर लांब आणि 32.3 मीटर रुंद जहाजच जाऊ शकत होतं. मोठे जलपाश 2016 साली सुरू झाले. अशा मापात बसवताना लोंबती पिछाडी लांबी खाते आणि बदल्यात फारशी जागा देत नाही.

पण एवढ्याने पिछाडी राहण्यालायक झाली नसती, कारण थरथर होतीच. 1935 साली सेवेत आलेलं नॉर्मंडी हे फ्रेंच जहाज त्या काळातलं सर्वात देखणं मानलं जायचं. त्याचे मागचे डेक पायऱ्यापायऱ्यांनी समुद्राकडे उतरत गेलेले. पहिल्याच हंगामात मात्र तिथली थरथर असह्य ठरली. तीन पात्यांचे प्रोपेलर काढून चार पात्यांचे बसवावे लागले. थरथरीचं गणित असं: प्रत्येक पातं तळाच्या जवळून जाताना पाण्यातून तळाला दाबाचा एक ठोसा देतं. पाच पाती मिनिटाला 120 फेऱ्या करत असतील, तर मिनिटाला 600 ठोसे, म्हणजे सेकंदाला दहा. जुन्या रचनेत प्रोपेलरचा दांडा आणि त्याचे आधार प्रोपेलरच्या पुढे असायचे, त्यामुळे पात्यांपर्यंत येणारं पाणी आधीच ढवळलेलं. फेरीच्या एका भागात पात्याला वेगवान पाणी भेटायचं, दुसऱ्या भागात संथ. त्यातून पात्यांवर बुडबुडे तयार व्हायचे आणि ते फुटताना आणखी हादरे.

यावरचा उपाय फिनलंडमध्ये आकाराला आला. विजेची मोटर जहाजाच्या पोटात ठेवण्याऐवजी एका लांबट कोशात घालून पिछाडीखाली पाण्यात टांगायची. हा कोश स्वतःभोवती पूर्ण 360 अंश फिरतो. त्याला अॅझिपॉड म्हणतात. 1990 साली सेइली नावाच्या एका लहान फिनिश सेवा-नौकेवर तो पहिल्यांदा बसवला आणि 1998 साली कार्निव्हल इलेशन हे तो वापरणारं पहिलं क्रूझ जहाज ठरलं. यात प्रोपेलर कोशाच्या पुढच्या तोंडाला असतो, जहाजाला ढकलण्याऐवजी ओढतो आणि त्याला जवळजवळ न ढवळलेलं पाणी मिळतं. ठोसे सौम्य झाले. लांबलचक दांडा गेला, सुकाणूही गेलं, कारण कोश वळवला की जहाज वळतं. डिझेल किंवा वायूवर चालणारी जनित्रं सोयीच्या जागी ठेवायची आणि मागे फक्त विजेच्या तारा न्यायच्या. 2009 सालच्या ओअॅसिस ऑफ द सीजवर असे तीन कोश आहेत, प्रत्येकी 20 मेगावॉटचे. तळाचा तो मऊ चढाव कोश टांगायला अगदी सोयीचा. चपटी पिछाडी आणि कोश यांची जोडी जमली ती अशी.

मला सर्वात जास्त आवडते ती क्वीन मेरी 2 ची पिछाडी. स्टीफन पेन यांनी आराखडा केलेलं, फ्रान्समध्ये सेंट नझेरला बांधलेलं हे जहाज 2004 च्या जानेवारीत पहिल्या सफरीवर निघालं. त्याला बाराही महिने निळ्याशार, शांत समुद्रात फिरायचं नव्हतं. उत्तर अटलांटिक ओलांडायचा होता. मागून लाटा येत असताना रुंद, चपट्या पिछाडीचं पोट पाण्यावर आपटतं आणि सगळं जहाज हादरतं. गोल पिछाडीला हे सोसतं, पण कोश टांगायला रुंद, चपटा तळ हवा. पेन यांनी निकोलो कोस्तान्झी या इटालियन अभियंत्याच्या नावाने ओळखला जाणारा आकार घेतला. कोस्तान्झी यांनी 1960च्या दशकात ओशॅनिकसारख्या जहाजांवर काम केलं होतं. हा आकार म्हणजे गोल आणि चपट्या पिछाडीची तडजोड. क्वीन मेरी 2 ला चार कोश आहेत. दोन स्थिर, दोन फिरणारे. वर नॉर्मंडीसारखे पायऱ्यापायऱ्यांचे डेक. चपटेपणा घेऊनही जहाज डौलदार राहू शकतं हे यावरून सिद्ध होतं. कुरूपता येते ती शेवटचा इंचही केबिननी भरून टाकल्यावर. तो निर्णय हिशेबनीसाचा असतो, पाण्याचा नव्हे.

ही कोंडी अलीकडच्या काही जहाजांनी मधूनच फोडली. ओअॅसिसची वरची इमारत मागे दोन भागांत चिरलेली आहे. मधल्या दरीत आकाश दिसतं, आतल्या बाजूच्या केबिननाही बाल्कनी मिळते आणि दरी जिथे समुद्राकडे उघडते तिथे पाण्यातल्या खेळांचं रंगमंदिर आहे. 2022 सालच्या एमएससी वर्ल्ड युरोपाची पिछाडी वरून इंग्रजी वाय अक्षरासारखी दुभंगते. तिच्या मधोमध 104 मीटर लांब उघडा रस्ता आहे आणि अकरा डेक उतरत येणारी घसरगुंडी. दुभंगल्यामुळे मागच्या भिंतीचा ठोकळेबाजपणा पार नाहीसा होतो. वायकिंग कंपनीच्या लहान जहाजांनी वेगळी वाट धरली. तिथे डेकच्या कडेलाच पोहण्याचा तलाव आहे, त्याची मागची कड समुद्रात विरून गेल्यासारखी दिसते. पुढून चाळीसच्या वेगाने येणारा वारा वरच्या इमारतीमुळे अडतो, म्हणून मागे बसता येतं. अर्थात, तोच अडलेला वारा इमारतीमागे गिरक्या घेतो आणि धुराड्याचा धूर खाली ओढू शकतो. म्हणूनच धुराड्याची उंची आणि आकार वातबोगद्यात प्रतिकृती ठेवून तपासतात.

जुन्या जहाजांना मागून शेपटी जोडतात, तीही पाहण्यासारखी. पाण्याच्या पातळीला काही मीटरचा पोकळ पोलादी ओटा जोडला की पाण्यावरची लांबी वाढते, इंधन वाचतं आणि नव्याने चढवलेल्या वजनाला आधारही मिळतो. याला डकटेल म्हणतात. 1998 सालच्या डिस्ने मॅजिकला 2013 च्या दुरुस्तीत तो बसवला. याच जहाजाच्या पिछाडीवर गूफी हे डिस्नेचं कार्टून पात्र दोरीला लटकून रंग देतंय असा मोठा पुतळा आहे. वासाच्या सिंहांचा हा दूरचा वंशज म्हणायला हरकत नाही.

बंदरात उभं जहाज मागून पाहायला मिळालं तर नजर भिंतीच्या खालच्या भागावर ठेवा. तिथे आडवी, अंधारी खिडकीसारखी भोकं दिसतील. त्यांतून जाडजूड दोर बाहेर येऊन धक्क्यावरच्या लोखंडी खुंटांना अडकवलेले असतात. आत दोर गुंडाळणारी यंत्रं असलेला बिनसजावटीचा डेक असतो. ताणलेला दोर तुटला तर जीव घेऊ शकतो, त्यामुळे प्रवाशांना तिथे मज्जाव. या भोकांच्या आसपास जहाजाचं नाव आणि त्याखाली नोंदणीचं बंदर लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा नासाऊ, पनामा किंवा व्हॅलेटा. क्वीन मेरी 2 वर आधी साउथॅम्प्टन होतं. 2011 च्या अखेरीस तिथे हॅमिल्टन आलं, कारण बर्म्युडाच्या नोंदणीमुळे कप्तानाला भर समुद्रात लग्नं लावता येतात.